दुपारची वीज, संध्याकाळची गरज: सौर ऊर्जा आणि ग्रीडचं गणित

५ एप्रिल २०२०, रात्रीचे नऊ. घरातले दिवे नऊ मिनिटं बंद ठेवा आणि पणत्या लावा, असं आवाहन पंतप्रधानांनी केलं होतं. लोकांनी दिवे मालवले आणि काही मिनिटांतच देशाची विजेची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॉटने घसरली. थोड्या वेळाने ती पुन्हा चढली. ग्रीड, म्हणजे वीजकेंद्रं आणि घरं जोडणारं तारांचं जाळं, सांभाळणाऱ्या अभियंत्यांनी त्याची तयारी आधीच करून ठेवली होती. जलविद्युत केंद्रं नऊच्या आधी मुद्दाम जोरात चालवली, मग त्यांची निर्मिती झपाट्याने १७ हजार मेगावॉटने उतरवली आणि दिवे लागताच पुन्हा चढवली. कुठेही ग्रीड कोसळलं नाही.

त्या रात्रीची ती कसरत विशेष होती. आज मात्र तिच्याहून मोठी चढ-उतार आपलं ग्रीड रोज पार पाडतं आणि त्याची बातमीही होत नाही. जानेवारी २०२५ मध्ये भारताची सौर क्षमता १ लाख मेगावॉटच्या पुढे गेली. ही सगळी क्षमता एकाच क्षणी पूर्ण चालत नाही, हे खरं. पण दुपारी सूर्य जेवढी वीज देतो ती सगळी संध्याकाळी सातपर्यंत शून्यावर येते. आणि नेमक्या त्याच वेळी घराघरांत दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर, एसी सुरू होत असतात. एकीकडे पुरवठा उतरतो, दुसरीकडे मागणी चढते आणि दोहोंमधली दरी तीन-चार तासांत दुसऱ्या कुठल्यातरी विजेने भरून काढावी लागते.

सौर ऊर्जेचा विषय निघाला की आपल्याकडे किती मेगावॉट बसवले याचेच आकडे सांगितले जातात. माझ्या मते त्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न वेळेचा आहे: ही वीज किती वाजता मिळते आणि आपल्याला किती वाजता लागते? ग्रीडच्या बहुतेक अडचणी या एका प्रश्नापाशी येऊन थांबतात, आणि त्यांवरचे उपायही.

पन्नास म्हणजे पन्नास

तारांमध्ये वीज साठून राहत नाही. तुम्ही पंख्याचं बटण दाबता त्या क्षणी तेवढी जास्तीची वीज कुठेतरी तयार व्हावी लागते. निर्मिती आणि वापर यांचा मेळ दर सेकंदाला बसतो आहे की नाही, हे ओळखायची खूण म्हणजे फ्रिक्वेन्सी. भारतात ती ५० हर्ट्झ असते, म्हणजे प्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तनं करतो. नियमाप्रमाणे ४९.९० ते ५०.०५ या अरुंद पट्ट्यात ती ठेवायची असते. वापर वाढला आणि निर्मिती कमी पडली की ती घसरते, निर्मिती जास्त झाली की चढते.

भरलेला ट्रक खंबाटकी घाट चढतो आहे आणि ड्रायव्हरला वेग एकसारखा ठेवायचा आहे, अशी कल्पना करा. चढ वाढला की ॲक्सिलरेटर दाबायचा, उतार लागला की पाय उचलायचा. चढ म्हणजे मागणी, इंजिनाची ताकद म्हणजे निर्मिती आणि वेगाचा काटा म्हणजे फ्रिक्वेन्सी. ट्रक जड असेल तर क्षणभर पाय उचलला तरी वेग एकदम पडत नाही, कारण त्याचं वजनच त्याला थोडं पुढे नेतं. ड्रायव्हरला सावरायला तेवढे क्षण मिळतात.

ग्रीडला हे वजन देतात ती कोळशाच्या आणि पाण्याच्या केंद्रांतली फिरती यंत्रं. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातलं टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला बरोबर ५०. शेकडो टनांचा तो पोलादी दांडा देशातल्या बाकी सगळ्या यंत्रांच्या तालात फिरत असतो. एखादं मोठं केंद्र अचानक बंद पडलं तर बाकीच्या यंत्रांच्या फिरण्यात साठलेली ऊर्जा पहिले काही सेकंद ग्रीडला तारून नेते. तेवढ्यात दुसऱ्या केंद्रांच्या वाफेच्या आणि पाण्याच्या झडपा आपोआप जास्त उघडतात.

सौर पॅनलमध्ये फिरणारं काहीच नसतं. तिथली डीसी (एकाच दिशेने वाहणारी) वीज इन्व्हर्टर या उपकरणातून एसी (दिशा बदलत राहणारी) होऊन ग्रीडमध्ये जाते. म्हणून दुपारी सौर वीज वाढली आणि कोळशावर चालणारे काही वीजनिर्मिती संच बंद ठेवले की ग्रीड हलकं होतं. मग तोच धक्का बसला तरी फ्रिक्वेन्सी जास्त वेगाने हलते. भारताच्या बाबतीत दिलासा एवढाच की आपलं ग्रीड अवाढव्य आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची (किलोव्होल्टची) लाइन सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रीड उरलेल्या देशाला जोडलं गेलं. तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच फ्रिक्वेन्सी आहे. एवढ्या मोठ्या व्यवस्थेत एखाद्या सौर प्रकल्पावरचा ढग खिजगणतीतही नसतो.

ढगाची भीती थोडी जास्तच

सौर वीज बेभरवशाची आहे असं कोणी म्हणालं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ढग येतो. एका छपरापुरतं ते खरंच आहे. पॅनलवर दाट ढगाची सावली पडली की काही सेकंदांत निर्मिती निम्म्याहून खाली येते आणि ढग सरकला की तितक्याच वेगाने वर जाते. पण धुळे जिल्ह्यातल्या साक्रीजवळचा महानिर्मिती या सरकारी वीज कंपनीचा १२५ मेगावॉटचा प्रकल्प घ्या. त्याची पॅनल्स एवढ्या जागेवर पसरली आहेत की ढगाची कड या टोकापासून त्या टोकाला जायला काही मिनिटं लागतात. धुळ्यात ढग असतो तेव्हा सोलापुरात ऊन असू शकतं. संख्याशास्त्र सांगतं की ढगांचा परस्परांशी संबंध नसेल अशा शंभर ठिकाणी हीच क्षमता वाटली, तर एकूण निर्मितीतली थरथर एका ठिकाणच्या तुलनेत साधारण दहाव्या हिश्शावर येते. छोटे प्रकल्प राज्यभर विखरायचे की एकाच माळरानावर हजारो मेगावॉट उभे करायचे, हे ठरवताना जमिनीच्या भावाइतकाच हा मुद्दाही विचारात घ्यायला हवा.

शिवाय सौर वीज अचानक येत नाही. ग्रीडच्या हिशेबात दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे असतात. प्रत्येक तुकड्यात किती वीज देणार याचा अंदाज प्रकल्पांना आधी कळवावा लागतो आणि फार चुकला तर दंड भरावा लागतो. उपग्रहाची चित्रं आणि हवामानाची मॉडेल्स वापरून हे अंदाज बांधतात. सूर्यास्ताची वेळ तर पंचांगात छापलेलीच असते.

मोठी अडचण दोन ठिकाणी आहे. एक रोज संध्याकाळी येते. तिच्याबद्दल पुढे सविस्तर सांगतो. दुसरी पावसाळ्यात येते. जुलैत पूर्ण महाराष्ट्रावर आठवडाभर आभाळ भरून राहिलं की विखुरलेपणाचा फायदा संपतो, कारण सगळ्या ठिकाणी एकच ढग असतो. पण त्याच महिन्यांत साताऱ्याच्या चाळकेवाडी आणि वनकुसवडेच्या पठारांवर वारा सुसाट असतो आणि पवनचक्क्या वर्षातली सर्वात जास्त वीज देतात. सौर आणि पवन एकमेकांची उणीव भरून काढतात. दोन्हींचं नियोजन एकत्र करण्यात म्हणूनच शहाणपण आहे.

जाता जाता उन्हाळ्याबद्दलही थोडं. कडक ऊन म्हणजे भरपूर वीज असा समज आहे. पण पॅनलवर छापलेली क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. मे महिन्यात विदर्भात पॅनलची काच ६५ अंशांपर्यंत तापली तर, दर अंशाला साधारण ०.३५ टक्के या हिशेबाने, चौदा टक्क्यांची घट होते. म्हणून थंड पण स्वच्छ उन्हाचे फेब्रुवारी-मार्च पॅनलला जास्त मानवतात.

दुपारी नको, संध्याकाळी हवी

आता संध्याकाळकडे येऊ. खरी अडचण कोळशाच्या संचांच्या स्वभावात आहे. बॉयलर थंड पडू दिला तर तो पुन्हा पेटवून पूर्ण भारावर आणायला कित्येक तास लागतात, तेल जळतं आणि पाइपांना तडे जायचा धोका असतो. म्हणून संध्याकाळी सातला लागणारा संच दुपारी बारालाही मंद आचेवर चालूच ठेवावा लागतो. आपल्याकडे ही मर्यादा साधारणपणे पूर्ण क्षमतेच्या ५५ टक्के आहे. टप्प्याटप्प्याने ती ४० टक्क्यांपर्यंत खाली आणावी, असे नियम केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२३ मध्ये केले. जुन्या संचांना त्यासाठी दुरुस्त्या कराव्या लागतात, आणि कमी भारावर कोळसाही युनिटमागे जास्त जळतो.

त्यामुळे होतं असं की दुपारी खालून कोळशाची ५५ टक्क्यांची तळरेषा आणि वरून सौर विजेचा लोंढा. सुट्टीचा दिवस, पावसाने हवा गार झालेली, एसी बंद, कारखाने बंद असं सगळं जुळून आलं की वीज उतू जाते. २०२५ च्या मे महिन्याच्या शेवटी पाऊस लवकर आला तेव्हा एका रविवारी दुपारच्या आसपास वीज बाजारातला तात्काळ खरेदीचा दर शून्याच्या जवळ गेला होता. त्याच बाजारात टंचाईच्या संध्याकाळी दर युनिटला १० रुपयांच्या कमाल मर्यादेला टेकतो. तारेतली वीज तीच असते, पण तिची किंमत घड्याळ ठरवतं.

दर शून्यावर गेल्यावरही वीज जास्त होत असेल तर सौर प्रकल्पांना निर्मिती कमी करायला सांगतात. राजस्थानात हे वारंवार घडतं, कारण तिथे प्रकल्प आधी उभे राहिले आणि वीज बाहेर नेणाऱ्या मोठ्या लाइन मागे पडल्या. सूर्य तळपतो आहे, पॅनल तयार आहेत आणि वीज घ्यायला कोणी नाही. याची मला खरोखर हळहळ वाटते. सौर प्रकल्प वर्ष-दीड वर्षात उभा राहतो, पण ट्रान्समिशन लाइनला जमिनीपासून परवानग्यांपर्यंत कितीतरी जास्त वेळ लागतो. दोन्हींचं वेळापत्रक एकत्र आखलं नाही तर दरवर्षी हेच होणार.

आपल्या गल्लीतलं ग्रीड

इथवर मोठ्या ग्रीडबद्दल झालं. घरावर सोलर बसवलेल्यांना मात्र वेगळाच प्रश्न पडतो: लख्ख ऊन असताना आमचा इन्व्हर्टर मध्येच बंद का पडतो?

गल्लीतला ट्रान्सफॉर्मर वीज खाली, घरांकडे पाठवण्यासाठी बसवलेला असतो. दुपारी लोक कामावर असतात, घरांत फ्रिजशिवाय काही चालू नसतं आणि दहा-बारा छपरांवरून वीज उलट दिशेने ट्रान्सफॉर्मरकडे निघते. वीज ढकलायची तर ढकलणाऱ्या टोकाला व्होल्टेज थोडं वर जावं लागतं. लाइनच्या शेवटच्या घरात २३० चं व्होल्टेज २४५, मग २५० होतं. ठरलेल्या मर्यादेच्या, म्हणजे साधारण २५३ व्होल्टच्या वर गेलं की नियमाप्रमाणे इन्व्हर्टर दोन सेकंदांत स्वतःला ग्रीडपासून तोडतो. पॅनलमध्ये दोष नसतो. तार बारीक आणि लांब असते, किंवा ट्रान्सफॉर्मरचं टॅप (बाहेरचं व्होल्टेज ठरवणारी जोडणी) वर लावलेलं असतं. अशा वेळी वायरमनला सांगून दुपारचं व्होल्टेज मोजून घ्यायला हवं आणि तक्रार करायची तर त्या मोजलेल्या आकड्यानिशी करायला हवी.

दुसरा प्रश्न याहून नेहमीचा. लाइट गेली की छपरावर ऊन असूनही घरात अंधार का? कारण ग्रीडला जोडलेला साधा इन्व्हर्टर ग्रीडची फ्रिक्वेन्सी बघूनच चालतो आणि ती गेली की थांबतो. तो थांबणं फार गरजेचं आहे. फिडर (उपकेंद्रातून त्या भागाला वीज देणारी लाइन) बंद करून लाइनमन खांबावर चढलेला असताना एखाद्या छपरावरून त्या तारेत वीज आली तर त्याचा जीव जाईल. लाइट गेल्यावरही वीज हवी असेल तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. तो घराला ग्रीडपासून पूर्ण वेगळं करून मगच वीज देतो. सोलर विकणाऱ्याने हे आधीच स्पष्ट सांगायला हवं, पण अनेकदा सांगितलं जात नाही.

व्होल्टेजचा हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर काय करू शकतो, ते २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालमध्ये दिसलं. दुपारी बारा वाजून तेहतीस मिनिटांनी दोन्ही देश काही सेकंदांत अंधारात गेले. त्या वेळी स्पेनमध्ये सौर निर्मिती भरपूर होती, त्यामुळे दोष सूर्यावर टाकणारे मथळे लगेच झळकले. तपासात पुढे आलेलं चित्र वेगळं होतं. व्होल्टेज चढत गेलं, ते आवरण्यासाठी पुरेशी केंद्रं त्या दिवशी तयार ठेवलेली नव्हती, आणि जादा व्होल्टेजमुळे एकामागून एक प्रकल्प तुटत गेले. प्रत्येक तुटणाऱ्या प्रकल्पाने व्होल्टेज आणखी वाढवलं. मुख्य म्हणजे व्होल्टेज आवरायचं काम आधुनिक इन्व्हर्टर उत्तम करू शकतो. पण ते काम त्याला नियमाने नेमून द्यावं लागतं आणि त्याचा मोबदलाही द्यावा लागतो. तिथे बहुतेक सौर-पवन प्रकल्पांना ते दिलेलंच नव्हतं. आपल्या नियमकर्त्यांनी त्या घटनेतून नेमकं हेच उचलायला हवं.

महाराष्ट्राच्या हातात काय आहे

आपल्या राज्यात सूर्याच्या वेळेशी जुळवून घेऊ शकेल असा एक प्रचंड मोठा भार आहे: शेतीचे पंप. वर्षानुवर्षं शेतकऱ्याला थ्री-फेज वीज पाळीने मिळत आली, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीला शेतात जायचं म्हणजे थंडी, साप, विंचू आणि जुन्नर-नगर पट्ट्यात बिबट्या. दिवसा वीज द्या ही मागणी शेतकरी किती काळ करत आले आहेत. तेव्हा उत्तर असायचं की दिवसा वीज शिल्लक नसते. आता दुपारी शिल्लक असते ती वीजच!

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमागची कल्पना हीच आहे. उपकेंद्राच्या जवळ काही मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज तिथल्याच शेतीच्या फिडरला द्यायची. योजनेचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला आणि त्यातला पहिला प्रकल्प २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला चालू झाला. वीज जवळच तयार होऊन जवळच वापरली जात असल्यामुळे लांबच्या तारांमधली गळती वाचते. पंपाला तर ढगाची फिकीरच नाही. अर्धा तास पाणी कमी पडलं तरी पिकाचं काही बिघडत नाही. ग्रीडच्या दृष्टीने इतका समजूतदार ग्राहक दुसरा नाही.

पण यालाही मर्यादा आहे. पावसाळ्यात पंप बंद असतात आणि ऊन पडलं की त्या प्रकल्पांची वीज मोठ्या ग्रीडकडे उलटी वाहते. त्यासाठी उपकेंद्रं तयार हवीत. आणि पंप दिवसा हलवल्याने रात्रीचा भार कमी झाला तरी संध्याकाळी सात ते दहाची घरगुती मागणी जिथल्या तिथेच राहते.

तिथे कोयना कामी येते. सुमारे १,९६० मेगावॉटची कोयनेची यंत्रं काही मिनिटांत पूर्ण जोरात येऊ शकतात. कोळशाच्या केंद्राला हे कधीच जमणार नाही. अडचण पाण्याची आहे. पश्चिमेकडे वीज करण्यासाठी वळवायच्या पाण्यावर कृष्णा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे. ढोबळ हिशेबाने एवढ्या पाण्यात सगळी यंत्रं पूर्ण क्षमतेने रोज जेमतेम तीन-चार तास चालतील. ही मर्यादा कोणाला अन्यायाची वाटेल, पण कृष्णाकाठच्या शेतीला आणि पुढच्या राज्यांना तेच पाणी लागतं. म्हणून कोयनेचा प्रत्येक थेंब दुपारी वाया न घालवता संध्याकाळसाठी राखून ठेवणं, हेच त्या धरणाचं आजचं सर्वात मोलाचं काम आहे.

पाणी संपू न देता तेच पुन्हा वापरायचं असेल तर पंप्ड स्टोरेज. अकोले तालुक्यातल्या घाटघरला २५० मेगावॉटचं असं केंद्र २००८ पासून आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर एक जलाशय, त्याच्या सुमारे चारशे मीटर खाली, कड्याच्या पायथ्याशी दुसरा. वीज स्वस्त असताना पाणी वर चढवायचं, महाग असताना खाली सोडायचं. शंभर युनिट घातले तर पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात. अशी केंद्रं जेव्हा आखली गेली तेव्हा स्वस्त वीज म्हणजे मध्यरात्रीची कोळशाची उरलेली वीज असा हिशेब होता. सूर्यामुळे तो हिशेब उलटा होतो आहे. आता पाणी भर दुपारी वर चढवायला हवं. सह्याद्रीच्या कड्यांवर अशा आणखी जागा आहेत आणि प्रस्तावही अनेक आहेत. पण घाटमाथ्यावरची जंगलं आणि गावं यांचा विचार कागदोपत्री उरकू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

बॅटऱ्याही येत आहेत. नव्या सौर निविदांमध्ये प्रकल्पाच्या क्षमतेच्या किमान दहा टक्के आणि दोन तासांची साठवण असावी, अशी सूचना केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२५ मध्ये केली. म्हणजे १०० मेगावॉटच्या प्रकल्पाला १० मेगावॉट, दोन तास. सुरुवात म्हणून ठीक, पण संध्याकाळची मागणी तीन-चार तास उतरत नाही, त्यामुळे एवढ्याने भागणार नाही. बॅटरीचं खरं सामर्थ्य वेगात आहे. सेकंदाच्या अंशात ती वीज देऊ लागते, म्हणून फिरत्या यंत्रांचं वजन कमी झालेल्या ग्रीडला पहिल्या धक्क्यातून सावरायला ती सर्वात योग्य आहे. लांब पल्ल्याला पाणी आणि तातडीला बॅटरी, अशी विभागणी मला पटते.

उरतो तो आपला स्वतःचा वापर. केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांनी सौर तासांत वीज स्वस्त आणि संध्याकाळी महाग करायला सांगितलं आहे. महाराष्ट्रात सकाळी ९ ते संध्याकाळी ५ हे सौर तास धरले जातात. सवलत वेळेनुसार मोजायची तर त्यासाठी स्मार्ट मीटर लागतो. दिवसा घरी कोणी नसणाऱ्या कुटुंबाला हा दर अन्यायाचा वाटू शकतो आणि त्यांचं म्हणणं चूक नाही. संध्याकाळी सातला कुकर लावणारी बाई तो दुपारी बाराला लावू शकत नाही. पण घरांत काही कामं अशी असतात की त्यांना वेळेचं बंधन नसतं: गिझर, वॉशिंग मशीन, विजेच्या स्कूटरचं चार्जिंग. सोसायट्यांमध्ये वरच्या टाकीत पाणी चढवणारा मोठा पंप असतो आणि तो बहुतेक ठिकाणी पहाटे किंवा संध्याकाळी चालतो, ती वेळ कोणीतरी फार पूर्वी ठरवून दिली म्हणून. पुढच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्या पंपाचा टायमर सकाळी अकरा ते दुपारी तीनच्या दरम्यान लावायचा ठराव मांडा. इलेक्ट्रिशियनचं काम अर्ध्या तासाचं आहे.